जुने बी आणि मुळ्याचे रोप



भातकापणी आटोपली की पेडणे-डिचोलीच्या घराघरांतून परसातल्या भाजीची तयारी सुरू होते. मग गेल्या वर्षीच्या, कधी त्याहूनही जुन्या बियांच्या पुड्या बाहेर निघतात. हे बी रुजेल का?

बी म्हणजे झोपलेला जीव. दमट हवा आणि उष्णता यांनी तो लवकर म्हातारा होतो, आणि आपल्याकडे तर पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर! म्हणूनच जुनी माणसे बियांना राख चोळून ती चुलीवर टांगून ठेवत. कोरड्या जागी कांद्याचे बी जेमतेम वर्षभर टिकते, मिरचीचे २-३ वर्षे, मुळ्याचे ३-४ आणि काकडीचे त्याहूनही थोडे अधिक. पाण्यावर तरंगले ते मेले, या परीक्षेवर विसंबू नये. त्यापेक्षा १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात व फडके सुकू देऊ नये. मुळा ४-५ दिवसांत मोड दाखवतो, मिरचीला मात्र दोन आठवडे द्यावेत. आठ रुजल्या तर नेहमीसारखे पेरा, पाच रुजल्या तर दुप्पट दाट.

दोनच रुजल्या तर? दुकानातले बी असेल तर खुशाल फेका, नवे मिळेल. आजीने राखलेले घरचे बी मात्र फेकू नका. आहे तेवढे सगळे पेरा आणि त्या झाडांपासून ताजे बी धरा. पेडण्यातील हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती तोवर जगली ती घरोघरी दरवर्षी बी धरल्यामुळे. एखाद्या घरचे वाण गेले, तर ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता रोपांविषयी. मिरची, वांगी, कांदा यांची रोपे उपटून लावतो, म्हणून मुले मुळ्याचेही रोप उपटून लावतात. मुळ्याचे सोटमूळ हाच पुढे आपला मुळा. त्याचे टोक दुखावले की त्याला फाटे फुटतात. गाजराचेही तसेच. त्यांचे बी जागच्या जागीच पेरावे. बीट थोडे सोशिक आहे. त्याच्या एका बोंडात बहुधा २-३ बिया असतात, त्यामुळे दाटी होते. जादा रोपे ३-४ पानांची असताना, मुळाभोवतीच्या मातीसकट, संध्याकाळी हलवावीत. नवलकोल बिनधास्त हलवा, तो गड्डा मुळात मूळच नव्हे, फुगलेले खोड आहे.

मुळ्याची विरळणी करताना निघालेला कोवळा पाला मात्र घरी न्या. खोबरे घालून त्याची भाजी छान होते.