एकच रचना, नऊ-दहा बाजू

प्रश्न : जुन्या बाजारात बीथोव्हनच्या ‘ओपस १३१’ या स्ट्रिंग क्वार्टेटचा ७८ आरपीएम रेकॉर्डचा संच मिळाला. वादन बुश क्वार्टेटचे आहे. ही रचना न थांबता वाजवतात असे वाचले होते. इथे तर दर चार मिनिटांनी वादन तुटते. हे तुकडे बीथोव्हनने पाडले की कंपनीने? – एक वाचक, सुरत

उत्तर : दोघांनीही नाही, ते तबकडीच्या मापाने पाडले. बीथोव्हनने ही रचना १८२६मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी पुरी केली. भाग सात, पण सलग वाजणारे. एकूण सुमारे ४० मिनिटे. बुश क्वार्टेटने ती १९३६मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित केली, तेव्हा बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. म्हणजे नऊ-दहा बाजू आल्याच.

भाग संपला की बाजू संपली, असा सोपा हिशेबही जमत नाही. तिसरा भाग अवघ्या अकरा मापांचा (तालखंडांचा), मिनिटभराचाही नाही. चौथा मात्र एकटाच चौदा मिनिटांच्या घरात जातो, त्यामुळे तो मध्येच तोडावा लागतो. सुदैवाने त्यात एका धुनेची एकामागून एक रूपे येतात, त्यामुळे एखादे रूप संपते तिथे थांबता येते.

अनेकांना वाटते की सलग वाजवून घेऊन मग कापाकापी केली असेल. पण तेव्हा स्टुडिओत टेप नव्हती. वादन थेट मेणाच्या तबकडीवर कोरले जाई. शेवटच्या क्षणी सूर चुकला तरी पूर्ण बाजू पुन्हा वाजवायची. चौघांनी दर चार मिनिटांनी थांबूनही पुढचा स्वर त्याच तापावर उचलला आहे. मला या ध्वनिमुद्रणाची थोरवी इथेच दिसते.

त्याच सुमारास मिरजेचे अब्दुल करीम खाँ तीनेक मिनिटांच्या बाजूत अख्खा राग उभा करत होते. ख्याल गायक गाता गाता घडवतो, म्हणून त्याला विस्तार आवरता येतो. बीथोव्हनचे स्वर कागदावर पक्के लिहिलेले. त्यातले एक मापही गाळणे क्वार्टेटचे प्रमुख बुश यांना मान्य झाले नसते. तत्त्वाला ते असे घट्ट होते, की नाझींच्या ज्यूविरोधी बहिष्कारामुळे १९३३मध्ये त्यांनी जर्मनीतला दौरा अर्ध्यावर सोडला.

याच ध्वनिमुद्रणाच्या बाजू जोडून पुढे एलपी आणि सीडी निघाल्या. आधी त्या ऐका, मग आपला संच लावा. पोलादी सुई असेल तर दर बाजूला नवी घाला; झिजलेली सुई लाखेच्या खाचा खरवडते.