पडदा भिंतीवर लावा, पण पडदाच राहू द्या

जुना जपानी घडीचा पडदा, म्हणजे ब्योबू, भिंतीवर चित्रासारखा लावायला माझी काहीच हरकत नाही. टोकियोतल्या आमच्यासारख्यांच्या घरात तो जमिनीवर उभा करायला जागा तरी कुठे असते? हरकत आहे ती त्याची मोडतोड करून ‘वॉल आर्ट’ बनवण्याला. माझ्या पडद्याचे जे झाले ते दुसऱ्या कुणाच्या पडद्याचे होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

क्योतोच्या तो-जी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. तिथे मी दोन झडपांचा पडदा घेतला. सोनेरी वर्खावर शरद ऋतूतले गवत आणि त्यात वाकलेली निळी फुले. भिंतीवर लावण्यासाठी तो एका फ्रेमवाल्याकडे दिला. ‘चौकटीला हात न लावता टांगायची सोय करा’ असे लिहूनही दिले होते. परत आल्या दोन सुट्या पाट्या. बिजागऱ्या कापलेल्या, काळी लाखेची चौकट गायब, चित्र सोलून प्लायवूडवर कृत्रिम डिंकाने चिकटवलेले आणि वरून चकचकीत वार्निश. टोकियोचा हिवाळा कोरडा, त्यात घरात हीटर. पहिल्याच हिवाळ्यात कागदाला उभी चीर गेली.

मी पडदा एका ह्योगुशींना दाखवला. पडदे आणि गुंडाळीची चित्रे मढवणारे हे कारागीर. त्यांनी दुरुस्तीला आलेला दुसरा एक पडदा माझ्यासमोर उघडला, तेव्हा माझ्या पडद्याचे काय गेले ते कळले. आत हलक्या सुगी लाकडाच्या पट्ट्यांची जाळी. तिच्यावर हातकागदाचे थर, त्यातले काही फक्त कडांना खळ लावून बसवलेले. मधे हवा खेळती राहते, म्हणून लाकूड आणि कागद दमट हवेत फुगले, कोरड्या हवेत आकसले, तरी ताण थेट चित्रावर येत नाही. माझ्या पडद्याच्या नशिबी आले ताठ प्लायवूड. त्या दुसऱ्या पडद्याच्या बिजागऱ्याही कागदाच्याच, एकाआड एक विणल्यासारख्या. झडप दोन्ही बाजूंना वळते आणि चित्र सलग राहते. अस्तराला वापरलेल्या कागदावर कुणाचा तरी जुना जमाखर्च कुंचल्याने लिहिलेला होता. पोर्तुगालमधल्या एव्होरा गावी अशाच अस्तरातून सोळाव्या शतकातल्या जपानमधल्या ख्रिस्ती मिशनचे कागद निघाले. आतला सांगाडा रद्दी समजून फेकला, की असा इतिहासही कचऱ्यात जातो.

ह्योगुशी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ती ओलाव्याने सुटते, म्हणून काही पिढ्यांनंतर पडदा उलगडून पुन्हा मढवता येतो. माझ्या पाट्यांवरचे वार्निश काढायला गेले, तर सरसात कालवलेले रंगही निघून येतील, असे त्यांनी सांगितले. ते नुकसान कायमचे आहे.

पडदा वेगळा करणे हेच पाप, असे मात्र नाही. चित्रकार साकाई होइत्सूने त्याच्या आधीच्या ओगाता कोरिन या चित्रकाराच्या वायुदेव आणि मेघगर्जनेच्या देवाच्या पडद्यामागे उन्हाळी-शरद गवते रंगवली होती. जतनासाठी पुढे ते दोन वेगळे पडदे केले गेले. प्रश्न असतो तो कोण करतो, कशासाठी आणि कसे करतो याचा.

तेव्हा पडदा भिंतीवर लावायचाच असेल, तर त्याचा सगळा भार खालून भिंतीत बसवलेल्या लाकडी पट्टीवर येऊ द्या. वरच्या पकडी फक्त तो पुढे झुकू नये एवढ्यासाठी. पडद्यात एकही खिळा किंवा स्क्रू जाता कामा नये. शक्य असेल तर किंचित घडी ठेवून लावा. चित्रकाराने ती घडी धरूनच रचना केलेली असते. मागे हवेला जागा सोडा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत, एसीचा झोत, स्वयंपाकघराशेजारची जागा टाळा. खळ हे कसरीचे आवडते खाद्य, म्हणून मागची बाजू अधूनमधून तपासत जा. रुपेरी वर्ख काळा पडला असेल तर घासू नका, ते त्याचे वयच आहे. ऊन तर नकोच. जपानमध्ये राष्ट्रीय वारसा ठरलेली अशी चित्रे साधारणपणे वर्षातून ६० दिवसांपेक्षा जास्त मांडत नाहीत. घरीही काही महिने पडदा घडी करून ठेवावा.

भारतात न्यायचा असेल, तर तो नोंदलेला राष्ट्रीय वारसा नाही असा जपानच्या सांस्कृतिक विभागाचा दाखला विक्रेत्याकडून आधीच मागा. आणि उन्हाच्या खोलीत वर्षभर सोनेरी पडदा हवा असेल, तर उत्तम छापील प्रत घ्या, त्यात कमीपणा नाही. क्योतोच्या केन्निन-जी देवळातसुद्धा चित्रकार सोतात्सूच्या वायुदेव आणि मेघगर्जनेच्या देवाच्या पडद्याची प्रतच मांडलेली असते; मूळ पडदा क्योतो राष्ट्रीय संग्रहालयात जपला आहे.

कारागिराच्या हाती पडदा देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही जे कराल ते उद्या काढायचे झाले, तर कसे काढाल?’ नीट उत्तर मिळाले नाही, तर पडदा उचला आणि घरी घेऊन या.