आरोग्यपाठ : पाय वर ठेवावा की खाली सोडावा?



वर्धा जिल्ह्यातील गोंड-कोलाम वस्त्यांत तपासणीला गेले की “सिस्टर, पाय लई दुखते जी” ही तक्रार मी हमखास ऐकते. बरेच जण पाय फडक्याने करकचून बांधून घेतात. पण दुखणे धमनीचे की शिरेचे, हे कळल्याशिवाय पट्टी बांधू नका. एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

धमनी हृदयातून पायाकडे रक्त आणते. शीर ते परत वर नेते.

धमनीचा आजार : चालताना पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर काही मिनिटांत जातो. पाऊल गार व फिकट पडते. पुढे रात्री झोपेतही दुखते. पाय खाटेखाली सोडला की बरे वाटते. बोटांवर जखम होते, बोट काळे पडते. बिडी, खर्रा, मधुमेह व रक्तदाब ही मुख्य कारणे. बर्जर नावाचा आजार तर तंबाखूमुळे ऐन तरुणपणीच जडतो. तंबाखू पूर्ण सोडली नाही तर पाय कापण्याची वेळ येते. अशा पायाला घट्ट पट्टी बांधू नये, शेकही देऊ नये.

शिरेचा आजार : दिवसभर उभे राहून काम केले की संध्याकाळी पाय सुजतो, जड होतो. वाकड्यातिकड्या निळ्या शिरा फुगतात. घोट्याच्या आतल्या बाजूस कातडी काळवंडते, तेथेच जखम होते. पाय उशीवर उंच ठेवला की आराम पडतो. डॉक्टरांनी धमनी तपासून सांगितल्यावर लवचीक पट्टी सकाळी उठण्यापूर्वी बांधावी. फुगलेली शीर फुटल्यास आडवे व्हावे, पाय वर धरावा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबावे.

तरुण मुलामुलींच्या घोट्याची जखम भरत नसेल, तर सिकलसेलची तपासणी जरूर करा.

थांबू नका : बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर एकच पाय अचानक सुजला, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका; गाठ फुफ्फुसात गेली तर जीव जातो. पाऊल एकाएकी गार, बधिर पडले, तरीही तासभरसुद्धा वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा १०८ च्या गाडीने सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय अथवा सावंगीचे रुग्णालय गाठा.

आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांची पावले हाताने पाहा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागले, तर उद्याच दवाखान्यात न्या.