वीट आणि उजेड : विहार व अभ्यासिका बांधताना

विहार बांधायचे ठरले की आपल्या समाजात प्रथम चर्चा होते ती कमानीची, फरशीची आणि रंगाची. मुलांना वाचायला उजेड कोठून मिळणार, हा प्रश्न शेवटी येतो. जेऊरसारख्या गावी वीज गेली की अंधाऱ्या खोलीतील अभ्यास तेथेच थांबतो. म्हणून या विषयाचा आम्ही येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे. त्याच्या दर्शनी बाजूस नालेच्या आकाराचे भव्य चैत्यगवाक्ष आहे. त्यातून येणारा उजेड मधल्या दालनातून स्तूपापर्यंत पोचतो. बाजूचे मार्ग सावलीत राहतात. विटांचे उदाहरण तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेर येथे आहे. तेथील त्रिविक्रम मंदिराचा मूळ भाग विटांचा असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार आहे. या घडणीवरून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात.

आता आपल्या बांधकामाकडे वळू.

1. दिशा : आपल्याकडे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तर डिसेंबरात दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेचा उजेड सौम्य असतो. वाचनाची टेबले त्या खिडक्यांशी ठेवावीत. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा हवा. मावळतीचे ऊन तिरपे येते, ते छज्जाने अडत नाही. म्हणून पश्चिमेला मोठी खिडकी नको, विटांची जाळी पुरे.

2. वीट : दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहाव्यात, खणखणीत आवाज आला तर वीट चांगली भाजलेली. बांधण्यापूर्वी ती पाण्यात भिजवावी, नाहीतर ती मसाल्यातील पाणी शोषून घेते. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. पुढे निदान 7 दिवस भिंतीवर पाणी मारावे.

3. बचत : विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत केरळात लॉरी बेकर (1917–2007) यांनी रूढ केली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी पोचते.

वर्गणीचा पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा असतो. म्हणून नकाशा मंजूर करताना सभासदांनी एकच प्रश्न विचारावा : दिवसा दिवा न लावता येथे पुस्तक वाचता येईल काय? उत्तर ‘होय’ असेल तरच पाया खणावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

जयभीम!