एका रात्रीचा मुक्काम आणि अस्तेय



यम-नियमांचा अभ्यास आपण सहसा घरच्या आसनावर बसून करतो. आज तो स्टेशनजवळच्या लॉजच्या काउंटरवर उभे राहून करू या. आपल्यापैकी अनेक जण नोकरीधंद्यासाठी सतत प्रवासात असतात. खानदेशातले कापड दुकानदार लग्नसराईच्या आधी ताप्ती लाइनची गाडी धरून सुरतला जातात. स्टेशनवरून सहारा दरवाजा आणि रिंग रोडची मार्केट जवळच आहेत. माल पाहून, भाव ठरवून, गाठी ट्रान्सपोर्टला देईपर्यंत रात्र होते आणि मग स्टेशनच्या आसपास कुठेतरी अंग टाकावे लागते.

मीही कॉलेज करत एका कापड दुकानात हिशेब लिहितो. शेठजींनी पहिल्यांदा एकट्याला सुरतला पाठवले, तेव्हा अशाच एका लॉजवर उतरलो. खोली ८०० रुपयांची. आधार कार्डाची झेरॉक्स दिली, पैसे आधीच भरले. रात्रभर स्टेशनच्या घोषणा ऐकू येत होत्या, झोप अशी लागलीच नाही. तरी पाच वाजता बादलीभर गरम पाण्याने अंघोळ केली आणि ध्यानाला बसलो. परगावीही नेम मोडला नाही, याचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

सहा वाजता खाली आलो. काउंटरवरच्या माणसाने बिलबुक उघडले आणि विचारले, "भैया, बिल कितने का बनाऊँ?"

मी म्हणालो, "बारह सौ."

विचार करायला वेळ लागला नाही, याचेच मला नंतर जास्त वाईट वाटले. मनात कारणे तयारच होती. रात्रीचे जेवण मी खिशातून केले होते, झोप मोडली होती, आणि हे तर सगळेच करतात.

महर्षी पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात ३०व्या सूत्रात पाच यम सांगितले आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. पुढच्याच सूत्रात ते म्हणतात की हे यम जाती, देश, काल आणि समय यांच्या मर्यादेत अडकत नाहीत, तेव्हा त्यांना महाव्रत म्हणावे. व्यासभाष्यात याची उदाहरणे फार रोखठोक आहेत. कोळी म्हणतो, मी फक्त मासे मारीन, बाकी कोणाला नाही. कोणी म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही. कोणी म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. प्रत्येकाने व्रत घेतले आहे, पण त्याला आपल्या सोयीचे कुंपण घातले आहे.

योगायोग असा, की त्याच महिन्यात याच सूत्रावरचा एक हिंदी पाठ माझ्याकडे मराठी अनुवादाला आला होता. मी 'समय'चे सरळ 'वेळ' केले. तपासणाऱ्या ताईंनी समासात लिहून परत पाठवले, 'काल आधीच येऊन गेला, मग पुन्हा वेळ कशी?' शब्दकोश उघडला. संस्कृतात समय म्हणजे संकेत, करार, लोकांनी ठरवून घेतलेली रीत. म्हणजे 'सगळेच करतात' हाच तो समय! दुरुस्ती करताना सुरतचे बिल डोळ्यांपुढे आले. माझ्या अस्तेयाला घरी काही अडचण नव्हती. त्याला देशाचे कुंपण होते, रात्रीचे होते आणि रीतीचेही होते.

आता थोडे हिशेबाच्या बाजूने पाहू, कारण ४०० रुपये शेठजींच्या गल्ल्यातून गेले एवढ्यावर हे थांबत नाही. खोटे व्हाउचर वहीत चढले की खर्च ४०० रुपयांनी फुगतो, नफा तेवढाच घटतो आणि त्यावरचा करही घटतो. विवरणपत्रावर सही मात्र शेठजींची. त्यांना न विचारता मी त्यांना खोट्यात भागीदार केले होते. शिवाय वही लिहिणारा मीच, म्हणजे पकडणाराही मीच! अस्तेय म्हणजे दुसऱ्याची वस्तू न उचलणे, एवढाच अर्थ मी धरून बसलो होतो.

आठ दिवस टाळाटाळ केली. मग एका संध्याकाळी ४०० रुपये गल्ल्याशेजारी ठेवले आणि सांगून टाकले. शेठजी रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, मी धरूनच चालतो. आधीचा मुलगाही असंच करायचा."

रागावले असते तर बरे झाले असते. मी चूक करण्याआधीच त्यांनी ती माझ्या नावावर मांडून ठेवली होती, आणि मी ती खरी करून दाखवली होती. जुने व्हाउचर रद्द करून ८०० चे नवे केले. पुढच्या खेपेपासून शेठजींनी जेवणाचा वेगळा भत्ता ठरवून दिला.

या पक्षाच्या अभ्यासासाठी एवढेच: ज्यांना कामासाठी प्रवास करावा लागतो, त्यांनी निघण्यापूर्वी मालकांशी किंवा ऑफिसात भत्त्याचे स्पष्ट बोलून घ्यावे. ठरलेल्या रकमेतून काटकसर करून उरले तर ते निःसंकोच आपले. प्रत्यक्ष खर्च मिळणार असेल, तर जेवढे दिले तेवढेच बिल. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे प्रवास करतात, त्यांनी भत्ता पोटाला पुरेल असा ठरवावा. रात्रीचे जेवण खिशातून करावे लागणाऱ्या मुलाला काउंटरवरचा तो प्रश्न फार जड जातो.