स्पितीला निघण्याआधी

अगं राणी, काल फोनवर मनाली-काझाचा बेत सांगता सांगता तू खरेदीची यादीच वाचून दाखवलीस. छतावरचा कॅरियर, जादा दिवे, विंच. तेव्हा मी फक्त हं हं केलं, पण रात्री काही झोप लागेना. म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या पहिल्या खेपेला छत्रूच्या अलीकडे टायर फुटला. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण नट हलेचनात! निघण्याआधी टायरवाल्याने ते हवेच्या गनने आवळले होते. आम्ही दोघी पान्यावर उभ्या राहून नाचलो, तरी उपयोग नाही. तासाभराने एक ट्रकवाला थांबला. त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि दोन मिनिटांत नट सैल केले. मग जॅक लावला, तर तो रेतीत रुतायला लागला. खाली ठेवायला साधी लाकडी फळी नव्हती आमच्याकडे.

तेव्हापासून हातभर पाइप आणि फळी माझ्या डिकीतून कधी हलली नाही. तूही टायरवाल्यापुढे उभी राहा आणि गाडीतल्याच पान्याने नट हाताने आवळून घे. अलॉय व्हील असतील तर लॉक नटची चावी गाडीतच आहे ना, ते बघ. ती घरच्या ड्रॉवरमध्ये राहिली तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

कॅरियरचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे: नको. टपावर वजन चढलं की तिरक्या वाटेवर गाडी डोलते. जड सामान खाली, मागच्या सीटला टेकवून, दोरीने आवळून ठेव. त्या पैशात टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि पंक्चर किट घे. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, त्यामुळे टायर आणखी टणक होतात आणि दगडांवर गाडी उड्या मारते. चार-पाच पीएसआय कमी कर. त्याहून जास्त नको, नाहीतर रिम दगडावर आपटते. डांबरी लागली की पुन्हा भर.

२०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा घाट टळला खरा. पण ग्रांफूला वळल्यावर पुढे वाटेत नाले आडवे येतात. ऊन चढलं की बर्फ वितळून त्यांचं पाणी वाढतं, म्हणून मनालीहून पहाटेच निघा. आधी दुसरी गाडी कुठून जाते ते बघ, मग पहिल्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता, एका चालीने पार हो. इंजिन पाण्यात बंद पडलं तर स्टार्टर मारू नकोस. आत पाणी गेलं असेल तर इंजिनच फुटतं.

टाकी मनालीत काठोकाठ भर. पुढचा पंप थेट काझाला, सुमारे दोनशे किलोमीटरवर, आणि चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दुप्पट पिते. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल मात्र नको, राणी.

आणि एक, फक्त तुलाच सांगते. वाटेत बाथरूम नसतात म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. साडेचार हजार मीटरच्या कुंझुमवर ते फार महागात पडतं, डोकं ठणकायला लागतं. एक मोठी ओढणी जवळ ठेव, मैत्रिणीने आडोसा धरायचा, आणि पाणी पीत राहा. पाळी पुढे ढकलायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. त्या उंचीवर जाणार आहेस हेही त्यांना सांग.

या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टेपनी स्वतःच्या हाताने बदल. वॉचमनकाकांची मदत घ्यायची नाही. झालं की मला फोन कर, मी वाट बघते.