कावी चित्रांचे छायांकन आणि श्वेतबिंदूची योजना

गोमंतकातील काही जुन्या मंदिरांच्या भिंतींवर कावी चित्रांचा मोलाचा ठेवा आहे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो रेखाकृतीनुसार खरवडला, की खालचा पांढरा चुना उघडा पडतो. रंग दोनच, परंतु मोरजी येथील मोरजाई मंदिरासारख्या ठिकाणच्या चित्रांची नोंद करताना खरी कसोटी लागते ती या पांढऱ्याचीच. चुना कालपरत्वे पिवळसर पडतो. हा पिवळेपणा भिंतीचा किती आणि प्रकाशाचा किती, हे छायाचित्रावरून न कळल्यास जीर्णोद्धाराच्या वेळी नव्या कामाची छटा चुकते.

यासाठी कॅमेऱ्याचे कलर प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले आकडे व प्रत्यक्ष रंग यांचा मेळ घालणारी सारणी, तयार करावी लागते. १९७६ साली पुढे आलेला २४ चौकटींचा मॅकबेथ रंगतक्ता या कामी उपयोगी पडतो. त्याच्या शेवटच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा रंगहीन छटा असतात. तक्ता भिंतीलगत, भिंतीवर पडणाऱ्याच प्रकाशात ठेवून रॉ स्वरूपात छायाचित्र घ्यावे. पांढऱ्या चौकटीचा लाल, हिरवा वा निळा यांपैकी कोणताही आकडा कमाल मर्यादेस भिडू देऊ नये.

प्रथम व्हाइट बॅलन्स फिकट करड्या चौकटीवर साधावा. भिंतीवर कदापि नव्हे. तसे केल्यास चुन्याचा पिवळेपणा हाच प्रकाशाचा दोष समजून पुसला जातो.

दुसरी बाब उजळपणाची. तक्त्यातील पांढरी चौकट सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित करते. तीच १०० टक्के, म्हणजे प्रोफाइलचा श्वेतबिंदू, मानली गेली तर सर्व छटा वाजवीपेक्षा उजळ होतात. तिच्याहून उजळ असलेला चुना तर सपाट पांढरा होऊन त्यावरील बारीक ओरखडे नाहीसे होतात. म्हणून श्वेतबिंदू तिन्ही रंगांत सारख्याच प्रमाणात, सुमारे १.११ पट, वर न्यावा. प्रमाण सारखे असल्याने छटा बदलत नाही. उजळपणास मात्र वर जागा मिळते.

प्रोफाइल लावल्यावर पांढरी चौकट पुन्हा सुमारे ९० टक्केच दिसावी आणि करड्या चौकटींत कोणत्याही रंगाची झाक नसावी, हीच कामाची परीक्षा होय. प्रकाश बदलताच तक्त्याचे छायाचित्र नव्याने घ्यावे व ते मूळ नोंदीसोबत जतन करावे. पुढील पिढीच्या कारागिरास भिंतीचा खरा रंग त्यावरूनच ताडून पाहता येईल.